40 पिझो डिस्क (वाकल्या की वीज देणाऱ्या चकत्या) लावल्या तरी मोबाईल चार्ज होत नाही. सर म्हणतात एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज आहे तो पुरे, डिस्क वाढवा. की अशी वीज गोळा करणारी एलटीसी 3588 चिप घेऊ?

डिस्क वाढवू नका, आणि मोबाईलचा नाद तर सोडाच. 27 मिलिमीटरची बझरवाली डिस्क साधारण 20 नॅनोफॅरडची असते. 24 हर्ट्झच्या कंपनावर तिच्या मोकळ्या टोकांना 10 व्होल्टचं शिखर मिळालं, तरी साध्या ब्रिजमधून 50 मायक्रोवॅटसुद्धा निघत नाहीत. मोबाईलला 5 वॅट लागतात. लाखभर डिस्क कुठे लावणार?

"सर्किटात आहेच काय, चार डायोड!" हे वाक्य मी आमच्या कॉलेजातही ऐकलंय. त्याचं उत्तर मला लातूरच्या एमआयडीसीत, मावसभावाच्या डाळमिलमध्ये सापडलं.

तिथे धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटर वर, पार पत्र्याखाली. तुरीच्या सीझनला बेअरिंग तापायचं आणि वास आल्यावरच कळायचं. तापमानाचा सेन्सर बसवला असता, पण त्या धुळीत सेल बदलायला शिडी लावून चढणार कोण? मोटर 1440 आरपीएमची, म्हणजे सेकंदाला 24 हेलकावे फुकट मिळत होते. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा मोटरच्या पायाशी आवळला, बुडाशी अराल्डाईटने डिस्क चिकटवली, टोकाला दोन नट. नट मिलिमीटरभर सरकवला की व्होल्टेज एकदम चढायचं, अजून सरकवला की पडायचं. मुकादम खालून ओरडला, "हे काय लावायलाव दादा?"

आधी मुद्दाम सरांच्या पद्धतीने जोडलं: 1एन5819 या शॉटकी डायोडचा ब्रिज आणि 1000 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. व्होल्टेज दोनाच्या वर जाईना. जाणार कसं? डिस्क देते दहाएक मायक्रोअँपिअर. शॉटकी डायोड उलट्या दिशेने गळतो, आणि असल्या कपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये गळतीची मर्यादाच शेकडो मायक्रोअँपिअरची असते. प्रत्यक्षात ती बरीच कमी असते, पण दहा खायला तेवढी पुरते. मग कमी गळणारे 1एन4148 डायोड आणि छोटा फिल्म कपॅसिटर लावला, आणि व्होल्टेज चढलं.

खरी गंमत पुढे आहे. डिस्क स्वतःच कपॅसिटर असल्यामुळे दर अर्ध्या फेऱ्यात बराचसा चार्ज तिचंच व्होल्टेज उलटवण्यात जातो. फ्रान्समधल्या ल्योंच्या इन्सा संस्थेतल्या गियोमार आणि सहकाऱ्यांनी 2005 च्या लेखात यावर उपाय मांडला: पट्टी टोकाला पोचली की क्षणभर डिस्कला कॉइल जोडायची, व्होल्टेज आपसूक उलटतं. 10 मिलिहेन्रीची कॉइल घेतली तर हे काम 44 मायक्रोसेकंदांत होतं. याला एसएसएचआय (सिंक्रोनाइझ्ड स्विच हार्वेस्टिंग ऑन इंडक्टर) म्हणतात. माझ्याकडे पॉवर दुपटीच्या वर गेली, त्याच एका डिस्कवर. मिनिटाभराच्या साठ्यात तापमान मोजून रेडिओवर एक छोटा संदेश जातो. बेअरिंग तापलं की आता मावसभावाला आधी कळतं.

तुमची चिप चांगली आहे. तिच्यात ब्रिज आतच आहे, 3.3 व्होल्टच्या सेटिंगला इनपुट साधारण 5 व्होल्टपर्यंत भरेस्तोवर ती थांबते आणि मगच पुढे सोडते. तोवर स्वतः मायक्रोअँपिअरच्याही आत खाते. पण 40 डिस्क एकाच ब्रिजला जोडून तिच्यात घातल्या तर त्या एकमेकींचंच व्होल्टेज मारतील. प्रत्येकीला वेगळा ब्रिज द्या.

हो, एक राहिलं. पट्टी रेझोनन्सवर, म्हणजे स्वतःच्या नैसर्गिक कंपनाच्या वेगावर असेल आणि डिस्कची पट्टीशी जुळणी घट्ट असेल, म्हणजे पट्टीच्या हालचालीतली बरीच ऊर्जा डिस्क विजेत बदलत असेल, तर एसएसएचआयचा फायदा जवळजवळ संपतो. बझरच्या डिस्कची जुळणी कच्ची, म्हणून मला फायदा झाला. शिवाय मिल रिकामी चालली की मोटरचा वेग 1500 च्या जवळ जातो आणि पट्टी सुरातून सुटते. त्यामुळे नट भरल्या मिलवर जुळवावा लागतो.

व्हायव्हात "चार डायोड पुरे" निघालंच, तर फळ्यावर 24 हर्ट्झ आणि 20 नॅनोफॅरड मांडा. इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा डिस्कचा अडथळा, 330 किलोओहम येतो. त्याखाली मोबाईलचे 5 व्होल्ट, 1 अँपिअर, म्हणजे 5 ओहम लिहा आणि सरांना विचारा, या दोघांच्या मध्ये नुसते चार डायोड काय करणार?