घर नदीपासून लांब आहे, तरी पुरासाठी विमा काढावा का?

तुम्ही विचारलंय की घर पांझरेपासून अर्धा किलोमीटर लांब आहे, वीस वर्षांत पाणी आलेलं नाही, मग विम्यात पैसे का घालायचे? आणि पाणी शिरलंच तर खर्च किती येतो?

मी चाळीसगावचा. 31 ऑगस्ट 2021 ची पहाट होईपर्यंत मीही हेच म्हणायचो. शेजारचे अण्णा तर ठामपणे सांगायचे, "आठे कसाले पानी येई?" (इथे कशाला पाणी येईल?) त्या रात्री डोंगरात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी दोन्ही फुगल्या आणि पाणी आमच्या ओट्यावरून थेट स्वयंपाकघरात शिरलं. कमरेएवढं. संध्याकाळपर्यंत ओसरलंही, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर गेली, ते दिसतं तरी. न दिसणारा खर्च जास्त. प्लायवूडचे पलंग-कपाट आठवड्याने फुगून फाटले. भिंतीतलं वायरिंग नव्याने करावं लागलं, 34 हजार. प्लास्टर आणि रंगाचे 61 हजार. गाळ काढायला ट्रॅक्टर आणि मजूर, वर तीन महिने भाड्याची खोली. कोठीतले वर्षाचे गहू आणि आईने उन्हाळ्यात घातलेले बिबडे (ज्वारीचे पापड) उकिरड्यावर गेले, त्याचा हिशेब कोण देणार? सगळं मिळून 2 लाख 56 हजार.

सरकार देईल म्हणाल, तर केंद्राचे 2022 ते 2026 चे निकष बघा. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर कपड्यांना 2,500 आणि भांड्यांना 2,500. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर 6,500, तीही किमान 15 टक्के नुकसान असेल तर. राज्य कधी वर भर घालतं, पण त्या भरवशावर राहू नका.

माझी खरी चूक वेगळीच. गृहकर्ज घेताना बँकेने विमा उतरवला होता, म्हणून मी निर्धास्त. पुरानंतर कागद वाचला, तर तो माझ्या जिवाचा होता: मी गेलो तर कर्ज फिटणार, घर वाहून गेलं तर काही नाही. तुमचा कागद आजच बघा. गंमत म्हणजे आम्ही केळीचा फळपीक विमा दरवर्षी न चुकता भरतो, आणि राहतं घर उघड्यावर.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात पूर धरलेला असतो. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेच्या भावावर नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. भिंतीची जुनी ओल मात्र यात बसत नाही. धाब्याचं मातीचं घर असेल तर चालेल का, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारा. खाली दुकान असेल तर त्याची पॉलिसी वेगळी काढावी लागते.

माझ्या मते घ्या. माझा वर्षाचा हप्ता दोन हजारांच्या आत बसतो.

दावा करायची वेळ आली तर गाळ धुण्याआधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्वेअर येईपर्यंत खराब सामान फेकू नका. बिलांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आमची बिलांची फाईल पलंगाच्या खणात होती, तिचा लगदा झाला.