एसआर-२२ मागितलंय? आधी एवढं कर

अमेरिकेत लायसन्स निलंबित झालं आणि ते परत मिळवायला एसआर-२२ मागितलं, तरी घाबरू नकोस, यातून नीट बाहेर पडता येतं. एसआर-२२ हा वेगळा विमा नव्हे. कायद्याने लागणारा तुझा किमान वाहन विमा चालू असल्याचा तो दाखला, आणि हा दाखला विमा कंपनीच डीएमव्हीला (राज्याच्या वाहन-लायसन्स खात्याला) पाठवते. सगळ्याच कंपन्या पाठवत नाहीत, म्हणून पहिल्या फोनवर तेवढंच विचार. कॅलिफोर्नियात तो साधारण ३ वर्षं लागतो.

नवखे इथे चुकतात:

- हप्ता चुकतो. विमा तुटला की कंपनी डीएमव्हीला कळवते, लायसन्स पुन्हा निलंबित! ऑटो-पे आजच लाव.
- नव्या कंपनीचा दाखला पोहोचण्याआधीच जुनी पॉलिसी बंद करतात.
- गाडी विकली म्हणून विमा सोडतात. अशा वेळी नॉन-ओनर पॉलिसी (स्वतःची गाडी नसलेल्या चालकाचा विमा) असते.

दरांची घासाघीस नंतर करू.