देवाची प्रीती आहे म्हणतात, पण एकामागून एक संकटं येत असताना त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

ताई, तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांत यजमानांची नोकरी गेली, आईला पक्षाघात झाला. मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले लोक ‘देवाची प्रीती आहे, विश्वास धरा’ म्हणतात आणि तुम्ही प्रार्थनेला बसलात की तोंडून शब्दच फुटत नाही.

शब्द न फुटणं म्हणजे विश्वास संपला असं मला वाटत नाही. आपल्याला उपासनेत उपकारस्तुती करायला शिकवतात, देवापाशी गाऱ्हाणं मांडायला सहसा कोणी शिकवत नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं मात्र गाऱ्हाण्याचीच आहेत. तिथूनच सुरुवात करा.

स्तोत्र १३ उघडा. अवघी सहा वचनं आहेत, मोठ्याने वाचायला मिनिटही लागत नाही. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हाच प्रश्न चारदा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचं कुठेही सांगितलेलं नाही, वैरी होता तिथेच आहे. तरी हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो दावीद राजा म्हणतो की माझा भरवसा तुझ्या दयेवर आहे. इथे आपल्या मराठी शब्दामुळे थोडा घोटाळा होतो. ‘दया’ म्हटलं की कुणाची तरी कीव केल्यासारखं वाटतं. मूळ हिब्रू शब्द ‘हेसेद’ आहे, त्याचा अर्थ दिलेल्या शब्दाला जागणारी, नातं न तोडणारी प्रीती. म्हणजे दावीद सुखाचा दाखला देत नाही, तो देवाला त्याच्या शब्दाची आठवण देतो. तुम्हालाही तसं म्हणता येईल.

रोज १५ मिनिटं काढा, वेळ ठरलेली असू द्या. स्तोत्र तीनदा मोठ्याने वाचा, मनातल्या मनात वाचलं की मन भरकटतं. मग वहीत चार ओळी लिहा. पहिलीत देवाला हाक. दुसरीत तक्रार, आणि ती नेमकी: ‘फार त्रास आहे’ असं मोघम न लिहिता ‘घरभाडं १० तारखेला द्यायचंय आणि हातात पैसे नाहीत’ असं लिहा. तिसरीत एकच मागणी, या आठवड्यापुरती. चौथीत भरवशाचं एक वाक्य. स्वतःचं सुचत नसेल तर स्तोत्रातलं उसनं घ्या, त्यासाठीच ती लिहून ठेवली आहेत. तेही जमलं नाही तर ओळ कोरी सोडा. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, भरवशाचा समारोप त्यात नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

यात बहुतेकांचं चुकतं ते तक्रारीच्या ओळीत. ती अर्ध्यावर सोडून लगेच ‘तरी तुझे उपकार’ म्हणतात, कारण देवाशी असं बोलणं पाप वाटतं. मग आतला राग तसाच राहतो आणि काही दिवसांत प्रार्थना कोरडी पडते. दुसरी चूक म्हणजे डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी आलं असं मानायचं. ते करू नका, त्यातून भीती तेवढी वाढते.

‘आमचं काय पाप झालं?’ हा प्रश्न मनात असेलच. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून जास्त दोषी नव्हती असं प्रभू येशूने स्पष्ट सांगितलं (लूक १३). मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले तिथे चुकले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. तुम्हाला कारणं सांगणाऱ्यांचं ऐकून घ्या, पण मनावर घेऊ नका. रोमकरांस पत्राचा आठवा अध्यायही पुन्हा वाचा. देव सगळ्या गोष्टींतून कल्याण करतो असं सांगणारं २८ वं वचन सगळे ऐकवतात, ३५ वं कमी जण ऐकवतात. त्यात पत्र लिहिणारा प्रेषित पौल क्लेशापासून तरवारीपर्यंत सात गोष्टी मोजतो. प्रीती असली तर त्या येणारच नाहीत असं तो म्हणत नाही. त्या येतात आणि तरीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे.

आता शरीराचं. एलीया संदेष्टा मरण मागत रतामाच्या झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर आलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते एकटीने केलंत तर तुमची झोप संपेल, आणि झोप नसलेल्या माणसाला देव दूर गेल्यासारखाच वाटतो. म्हणून मंडळीत ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नका. ‘मंगळवारी दुपारी तीन तास आईजवळ बसाल का?’ असं एकेकीला नावाने विचारा. औषधं आणि फिजिओथेरपी प्रार्थनेच्या नावाखाली कोणी बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. अमुक दान दिलं तर नोकरी मिळेल असं कोणी म्हटलं तर तेही नाही. जीव नकोसा वाटायला लागला तर त्याच दिवशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा आणि आपल्या पाळकांनाही सांगा.

रात्री झोप लागत नसेल तर स्तोत्र ७७ वाचा. ‘देवाची दया कायमची सरली का?’ यासारखे सहा प्रश्न त्यात एकामागून एक आहेत, तुमचा प्रश्न त्यातच आहे. आईसाठी ७१ वं वाचा, ते म्हातारपणाचं आहे.

आईची वाचा गेली असेल तर तिला पाठ असलेलं एखादं जुनं गीत तिच्या उशाशी बसून सावकाश गा. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या काही माणसांना ओळखीचं गीत मात्र शब्दांसकट म्हणता येतं. पहिल्या दिवशी तिचे ओठ हलले नाहीत तर दुसऱ्या दिवशी तेच गीत पुन्हा घ्या.