भट्टी, बिल आणि अनुदान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की कारखान्यातला कार्बन कमी करायला लहान उद्योगांनाही आता केंद्र सरकारचा हातभार मिळतो. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न : "मॅडम, किती टक्के मिळतात?" चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यातच बाकीच्या पंधरा जणांची उत्तरं आहेत.

प्रश्न : मॅडम, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री (धातू वितळवून ओतकाम करण्याचा कारखाना) आहे. ५०० किलोची, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी, वीस वर्षं जुनी, एससीआर पॅनेलची (म्हणजे वीज पुरवणारी यंत्रणा जुन्या पद्धतीची). महिन्याला १५० टन बीड (ओतीव लोखंड) वितळवतो. टनाला ७२० युनिट लागतात. नव्या भट्टीचं कोटेशन ६० लाखांचं आहे आणि विकणारे ५६० युनिटची खात्री देतात. एक एजंट तीस टक्के रोख अनुदान मिळवून देतो म्हणतोय, त्याला आधी पन्नास हजार द्यायचे. काय करावं?

उत्तर : पन्नास हजार खिशातच राहू द्या.

मी ज्या योजनेबद्दल लिहिलं होतं ती ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची, म्हणजे बीईईची. जुलै २०२५ मध्ये पानिपतला तिची सुरुवात झाली. नाव एडीईईटीआयई. सात अक्षरांचं हे नाव माझ्या तोंडात काही बसत नाही, म्हणून मी तिला आपली व्याज-सवलतीची योजना म्हणते. यात हातात रोख रक्कम येत नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रासाठी तुम्ही बँकेचं कर्ज काढता, त्याच्या व्याजदरात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सूट मिळते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी. चौदा क्षेत्रं ठरवली आहेत, त्यांत फौंड्री आहे. पहिल्या टप्प्यात ६० औद्योगिक समूह (क्लस्टर, म्हणजे एका भागातले एकाच धंद्याचे कारखाने), पुढच्यात आणखी १००, तेव्हा आपला समूह कुठल्या यादीत बसतो ते आधी बघून घ्या.

आता तुमचाच हिशोब मांडू. ६० लाखांवर ५ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी फार तर ३ लाख, आणि कर्ज फिटत जाईल तशी ही रक्कमही उतरत जाणार. दुसरीकडे वीज. विकणाऱ्याचे ५६० मी धरत नाही. तो आकडा भट्टी सलग चालली, भंगार स्वच्छ असलं आणि पोअरिंगवाला (धातू साच्यात ओतणारा) वेळेवर हजर असला तरचा आहे. ६२० धरते. टनाला १०० युनिट वाचले, महिन्याला १५,००० युनिट. सगळे आकार धरून युनिटला ९ रुपये पकडले तर महिन्याला १ लाख ३५ हजार, वर्षाला १६ लाख २० हजार. ३ लाख कुठे आणि १६ लाख कुठे! व्याजातली सूट म्हणजे ताटातलं लोणचं, भाकरी नव्हे. लोणच्यासाठी जेवायला बसू नका.

कार्बनचंही सांगते, कारण योजना त्यासाठीच आहे. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तुमच्या एका भट्टीमुळे वर्षाला सुमारे १२६ टन कमी.

पण मला खरी शंका आहे ती तुमच्या ७२० वर. हा आकडा काढला कसा? महावितरणचं अख्खं बिल भागिले वितळवलेला माल, असंच ना? मग त्यात कॉम्प्रेसर आला, सँड प्लांट आला, शॉट ब्लास्टिंग आलं, ऑफिसचा एसीसुद्धा आला. एका फौंड्रीत मी असाच ७४० चा आकडा घेऊन गेले होते. भट्टीला वेगळा मीटर लावला तर ती ६४० खात होती. उरलेले शंभर कोण खातंय ते शोधायला रविवारी गेले. कारखाना बंद, वॉचमन एकटा, आणि कॉम्प्रेसर आपला मजेत चालू. पाइपांच्या जोडांतून सूंऽऽ असा आवाज, जणू कोणी झोपलंय. मालक नवीन भट्टीच्या कर्जाच्या कागदांवर सही करायला निघाले होते. तेव्हा आधी भट्टीला स्वतंत्र मीटर बसवा आणि महिनाभर प्रत्येक हीटची (एका खेपेच्या वितळवण्याची) नोंद ठेवा. किती किलो भरलं, किती वाजता चालू केली, किती वाजता टॅप केली (धातू बाहेर ओतला), मध्ये किती वेळ नुसती धरून ठेवली.

बीड १५०० अंशांपर्यंत न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने टनाला ३९० च्या आसपास युनिट पुरतात. त्यावरचं सगळं कूलिंगच्या पाण्यात, लाइनिंगमध्ये (भट्टीच्या आतल्या अस्तरात) आणि उघड्या तोंडातून जातं. भट्टीला झाकण ठेवणं, गंजका आणि मातीचा माल न टाकणं, साचे तयार होईपर्यंत धातू ताटकळत न ठेवणं, यातून टनाला ४० युनिट सुटताना मी पाहिलेत. त्याला ना कर्ज लागतं ना अर्ज.

इथे मात्र एक गंमत आहे, आणि ती नीट समजून घ्या. योजनेत किमान १० टक्के ऊर्जाबचत दाखवावी लागते. तुम्ही आज उत्साहाने झाकण बसवून ६८० वर आलात आणि मग मोजमाप करून घेतलंत, तर ६८० वरून ६२० ही बचत ९ टक्क्यांच्याही आत भरते. गेला अर्ज! तेच ७२० पासून मोजलं तर जवळपास १४ टक्के. शिस्तीने वागणाऱ्याला शिक्षा व्हावी असा हा नियम आहे, हे मी बीईईवाल्यांच्या तोंडावरही सांगेन. पण आहे तो आहे. म्हणून क्रम असा ठेवा : आधी योजनेतलं गुंतवणूक-योग्य ऊर्जा लेखापरीक्षण (म्हणजे बँकेला कर्ज देताना भरवसा वाटावा अशी ऊर्जेच्या वापराची तपासणी), मग त्याच अहवालात झाकणापासून भट्टीपर्यंत सगळे उपाय, मग कर्ज, मग यंत्र, मग पुन्हा मोजमाप. यात लबाडी काही नाही, सगळं कागदावर उघड असतं.

आणि यंत्र आधी बसवून नंतर अर्ज करू, असं मनातही आणू नका. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराने दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन यंत्र बसवलं, जुनं त्याच दिवशी भंगारात घातलं आणि दिवाळीनंतर मला फोन केला. जुनं यंत्र किती वीज खात होतं हे सांगणारा एक चिठोरासुद्धा नव्हता. मी काय मोजणार, कप्पाळ?

प्रश्न : ताई, आम्ही वेल्समध्ये स्वॉन्झीला राहतो. शेजारच्या पोर्ट टॅलबोटला टाटांच्या कारखान्यात ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड ओतले आणि तरी आमच्या ओळखीतल्या दोन घरांतल्या नोकऱ्या गेल्या. हे कसलं अनुदान? आणि भारतात फक्त व्याजात सूट?

उत्तर : तुमचा राग मला कळतो. तिथला एकूण प्रकल्प १२५ कोटी पौंडांचा, त्यात सरकारचे ५० कोटी. लोहखनिजापासून लोखंड काढणाऱ्या दोन झोतभट्ट्या बंद करून त्यांच्या जागी भंगार वितळवणारी एक मोठी विद्युत आर्क भट्टी. खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायला कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) लागतो, आणि कार्बन तिथूनच निघतो. भंगारात ते काम आधीच झालेलं असतं, नुसतं वितळवायचं. म्हणून कारखान्याचं उत्सर्जन सुमारे ९० टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला जवळजवळ ५० लाख टनांनी उतरेल असा हिशोब आहे. पण झोतभट्टीभोवती कोक ओव्हन, सिंटर प्लांट असा मोठा पसारा आणि त्यावर पोसलेली माणसं असतात. आर्क भट्टीला इतकी माणसं लागत नाहीत. अडीच हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या त्या अशा. तंत्रज्ञान बदललं की हे होणार हे सगळ्यांना माहीत होतं. पैसे देताना माणसांचा हिशोब आधी मांडायला हवा होता, यंत्राचा नंतर, असं माझं मत आहे.

शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला थंड झाली आणि नव्या भट्टीचं बांधकाम जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. ती पेटेपर्यंत बाहेरून आणलेल्या स्लॅब (पोलादाच्या जाड लाद्या) लाटून कारखाना चालणार. त्या स्लॅबचा धूर कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या खात्यात पडतो, वेल्सच्या नाही. हे मला कुठल्याही अनुदानाच्या जाहिरातीत छापलेलं दिसत नाही.

अजून एक योगायोग. त्याच ३० सप्टेंबरला ब्रिटनचं शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, बंद झालं. हे महत्त्वाचं आहे. विजेवर भंगार वितळवणं आमच्या शिरोली-गोकुळ शिरगावला नवीन नाही, आमच्या फौंड्र्या ते कितीतरी वर्षं करताहेत. पण आमच्या तारेतून येणारी वीज बहुतांशी कोळशाची आणि तुमची नाही. विजेची भट्टी इकडे आणि तिकडे, युनिट तेवढेच, धूर वेगळा. त्यामुळे नुसती भट्टी बदलून आमचं काम अर्धंच होतं.

व्याजात सूट की रोख, याबद्दल : पोर्ट टॅलबोट हा एकच कारखाना होता, म्हणून मंत्री आणि मालक समोरासमोर बसले. इथे कोल्हापुरातच शेकडो फौंड्र्या आहेत, एकेकाशी करार कोण करणार? आणि रोख अनुदान फार भरवशाचं असतं असंही समजू नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सिमेंट, काच, रसायनं अशा उद्योगांना मंजूर केलेली सुमारे ३७० कोटी डॉलरची २४ अनुदानं मे २०२५ मध्ये रद्द केली. सरकार बदललं, एवढंच कारण पुरलं.

प्रश्न : इचलकरंजीत आमचं सायझिंग (सुताला खळ लावण्याचा कारखाना) आहे. बॉयलर बदलायला मदत मिळेल का?

उत्तर : वस्त्रोद्योग चौदा क्षेत्रांत आहे, त्यामुळे दार उघडं आहे. पण तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत मला दोन गोष्टी दिसल्या. वाफेच्या पाइपवरचं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं वेष्टन) फाटलंय आणि कंडेन्सेटचं, म्हणजे वाफ थंडावून झालेलं, गरम पाणी सरळ गटारात चाललंय. तेच पाणी फीड टँकमध्ये (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत) परत घेतलं तर फीडचं पाणी दर ६ अंश तापण्यामागे इंधन साधारण १ टक्क्याने वाचतं. स्टीम ट्रॅपही (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) तपासून घ्या. लेखापरीक्षक येईल तेव्हा हे सगळं त्याला दाखवा, झाकून ठेवू नका. आणि फोटोतल्या भावाला सांगा की बॉयलरजवळ फोटो काढताना पायात चप्पल नको, बूट घाल.

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक. कारखानदार धूर सोडणार, नफा कमावणार आणि तो कमी करायला पैसे माझ्या करातून? का म्हणून?

उत्तर : गुरुजी, प्रश्न रास्त आहे. या योजनेची तीन वर्षांची रक्कम १,००० कोटी. त्यातले ८७५ कोटी व्याजासाठी, ७५ कोटी यंत्र बसवताना लागणाऱ्या मार्गदर्शनासाठी आणि फक्त ५० कोटी लेखापरीक्षणासाठी. माझ्या हातात असतं तर मोजमापाला याच्या तिप्पट दिले असते. लहान कारखानदार व्याजापेक्षा जास्त अडतो तो "हे यंत्र खरंच वाचवेल का?" या भीतीपाशी. बँकवाल्यालाही तीच भीती असते.

ती भीती कशी मोडते त्याचं उदाहरण हावड्याचं आहे. तिथल्या फौंड्र्या कोकच्या कुपोलावर (कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीवर) चालायच्या, धूर विचारू नका. १९९० च्या दशकाच्या शेवटी दिल्लीच्या टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेने तिथे एका फौंड्रीत सुधारित कुपोला उभा केला. वारा एका ओळीतून न सोडता वर-खाली दोन ओळींतून सोडायचा, बस्स, मुख्य बदल एवढाच. कोक सुमारे एक तृतीयांशाने कमी लागला. पैसा होता स्वित्झर्लंडच्या सरकारचा, म्हणजे तिथल्या करदात्यांचा. तो कुपोला दाखवायला उभा राहिला तेव्हा आजूबाजूच्या मालकांना भाषणाची गरज उरली नाही, कोकचं वजन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सार्वजनिक पैसा पहिल्या भट्टीला द्यावा, हे मला पटतं. पन्नासाव्या भट्टीला का द्यावा, याचं चोख उत्तर माझ्याकडेही नाही, गुरुजी. तिथे मी तुमच्याच बाजूला बसेन.