बहुमत नसताना सरकार चालवणारे अंतोनियो कोस्टा

प्रश्न : पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोस्टा यांचे घराणे मूळचे गोव्याचे आहे, असे वाचनात आले. २०१५च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहूनही ते पंतप्रधान कसे झाले? आणि तपासाच्या प्रकरणात राजीनामा दिल्यावरही त्यांना युरोपीय परिषदेचे अध्यक्षपद कसे मिळाले?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. कोस्टा यांचे वडील ओर्लांदो द कोस्टा हे पोर्तुगीज भाषेतील लेखक होते आणि त्यांचे बालपण मडगावात गेले. अंतोनियो यांचा जन्म मात्र १९६१ साली लिस्बनमध्ये झाला. घरात त्यांना ‘बाबुश’ म्हणत.

२०१५चे कोडे उलगडण्यासाठी त्यांच्या पहिल्या मंत्रिपदापर्यंत मागे जावे लागते. १९९५मध्ये अंतोनियो गुतेरेस पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या आणि कोस्टा यांच्या समाजवादी पक्षाकडे संसदेतील २३०पैकी ११२ जागा होत्या, म्हणजे बहुमताला ४ कमी. या सरकारात कोस्टा यांच्याकडे संसदीय कामकाजाचे खाते आले, प्रथम राज्यमंत्री म्हणून आणि १९९७पासून मंत्री म्हणून. अर्थसंकल्प असो वा एखादे विधेयक, विरोधकांपैकी कोणी तरी निदान तटस्थ राहिल्याशिवाय ते संमत होणार नव्हते. पुढे ते न्यायमंत्री झाले, २००५ ते २००७ गृहखाते सांभाळले आणि नंतर २०१५पर्यंत लिस्बनचे महापौर होते. पण माझ्या मते त्यांची खरी घडण त्या पहिल्या खात्यातच झाली.

ऑक्टोबर २०१५मध्ये तेव्हाचे पंतप्रधान पासूश कुएल्यो यांच्या उजव्या आघाडीला १०७ आणि समाजवादी पक्षाला ८६ जागा मिळाल्या. पोर्तुगालच्या राज्यघटनेप्रमाणे नव्या सरकारला विश्वासमत जिंकावे लागत नाही; मात्र ११६ सदस्यांनी त्याचा कार्यक्रम फेटाळला, तर सरकार पडते. कोस्टा यांनी नेमके हेच साधले. ‘डावा गट’ नावाचा पक्ष, कम्युनिस्ट आणि हरितवादी या तिघांशी त्यांनी एकच सामायिक करार न करता स्वतंत्र करार केले. नाटो आणि युरोविषयीचे तीव्र मतभेद बाजूला ठेवून किमान वेतन, निवृत्तिवेतन, कापलेले पगार अशा ठोस गोष्टींवर सहमती झाली आणि हे पक्ष मंत्रिमंडळाबाहेरच राहिले. १० नोव्हेंबरला १२३ मतांनी उजवे सरकार कोसळले, २६ नोव्हेंबरला कोस्टा यांनी शपथ घेतली. हे सरकार काही महिनेही टिकणार नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. ते पूर्ण मुदत टिकले, मासिक किमान वेतन ५०५ युरोंवरून ६००वर गेले आणि तरीही २०१९ साली अर्थसंकल्पात शिल्लक राहिली.

याउलट २०२२मध्ये १२० जागांचे निर्भेळ बहुमत हाती आले, तेव्हा एकामागून एक मंत्री व राज्यमंत्री पायउतार होत गेले आणि दोन वर्षेही पूर्ण झाली नाहीत. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी लिथियम, हायड्रोजन आणि सिनेश येथील डेटा सेंटर प्रकल्पांच्या तपासात पंतप्रधान कार्यालयाची झडती झाली. संशयितांनी कोस्टा यांचे नाव वापरल्याचे सरकारी वकिलांनी जाहीर करताच कोस्टा यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्यांच्यावर आरोप ठेवलेला नसतानाही त्यांनी तो दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

युरोपीय परिषद म्हणजे युरोपीय संघातील देशांच्या प्रमुखांचे मंडळ; तिचा अध्यक्ष हे प्रमुखच विशेष बहुमताने निवडतात. २०२४च्या जूनमध्ये मोठ्या राजकीय कुळांनी, म्हणजे समविचारी पक्षांच्या युरोपभरच्या गटांनी, संघाची वरिष्ठ पदे वाटून घेतली, तेव्हा हे पद समाजवाद्यांच्या वाट्याला आले. कोस्टा यांच्या जागी आलेले लुईश मोंतेनेग्रो प्रतिस्पर्धी पक्षाचे, तरीही त्यांनी कोस्टा यांनाच पाठिंबा दिला. या अध्यक्षाला कायदे करण्याचा अधिकार नसतो. २७ देशांच्या प्रमुखांना एका मसुद्यावर आणणे, हेच त्याचे मुख्य काम. १ डिसेंबर २०२४पासून अडीच वर्षांसाठी ते कोस्टा यांच्याकडे आहे.