जुना कॉम्प्युटर, गावाचे कागद

प्रश्न : ताई, दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर दोन. एकावर विंडोज 10, त्याला अंगठ्याचं मशीन लावलेलं आहे. दुसरा जुना, विंडोज 7 चा, त्यावर प्रिंट काढते. दहावाल्यावर सपोर्ट संपल्याची सूचना सारखी येऊन राहिली आहे. दुरुस्तीवाले म्हणतात, यावर विंडोज 11 बसत नाही, नवीनच घ्या. पुतण्या म्हणतो, क्रॅक, म्हणजे परवाना चुकवायचा प्रोग्राम, टाकून बसवून देतो. यंदा सोयाबीननं हात दिला नाही, नवीन घ्यायची सोय नाही, आणि पेरणी आटोपली की पीक विम्याची गर्दी सुरू होईल. मशीन तर मस्त चालते. मग भ्यायचं काहून?

उत्तर : ताई, मशीन मस्त चालत असेल तर ते काढून टाकू नका. पण एक ध्यानात घ्या, त्याच्यात सगळ्या गावाचे कागद आहेत. आधार, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान, वरून अंगठा. ज्या म्हातारीला स्वतःची सही येत नाही, तिनं तुमच्यावर भरवसा ठेवून बोट टेकवलं आहे. माझी सगळी काळजी तिची आहे.

विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 7 चा तर 14 जानेवारी 2020 लाच. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या काढते. अकराच्या सुरक्षेतली एखादी फट बुजवली की ती नेमकी कुठं होती हे चोरांनाही कळतं, कारण आलेली दुरुस्ती उकलून पाहता येते. दहा आणि अकराचा बराचसा गाभा एकच. मग तीच फट दहात शोधायला कितीसा वेळ लागतो? म्हणून महिन्यागणिक धोका वाढत जातो आणि मशीन मात्र पहिल्यासारखंच चालत राहतं. डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसला, नवे व्हायरस ओळखायची माहिती विंडोज 10 वरही ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहणार आहे, ती चालू ठेवाच. पण डिफेंडर फटी बुजवत नाही.

तुमच्या दहावाल्यासाठी वाट आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा. मशीनवर 22एच2 ही शेवटची आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलेलं असेल, तर वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांसाठी नोंदणी करता येते. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याचे पैसे पडत नाहीत. या दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच्या आहेत, म्हणजे खरिपाची गर्दी निभावते. हे आजच करा. आणि नेट ‘मीटर्ड’ करून ठेवलेलं नाही ना, तेही पाहा. डेटा वाचवायला कुणीतरी ते बटण दाबून ठेवतं आणि मग अपडेट उतरतच नाहीत. अपडेट लावताना मशीन इन्व्हर्टरवर असू द्या. आपल्याकडे लाइटीचा काय भरवसा!

अकरा खरंच बसत नाही का, हे स्वतः तपासा. डब्यावरचं स्टिकर वाचा. आय5-4570 असं लिहिलं असेल तर प्रोसेसर चौथ्या पिढीचा, तिथं विषय संपला. आय3-8100 किंवा त्यापुढचा असेल तर तो चालतो. कधीकधी फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, टीपीएम हे सुरक्षेचं साधन बंद असतं, ते चालू केलं की काम होतं. पुढं कधी जुनं मशीन विकत घ्याल तेव्हाही आधी हाच आकडा पाहा.

पुतण्याला मात्र प्रेमानं नाही म्हणा. क्रॅक चालवताना पहिली अट असते, अँटिव्हायरस बंद करा. त्या क्रॅकमधूनच ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे प्रोग्राम येतात. तुमच्या पोर्टलचा ऑपरेटर आयडी ब्राउझरमध्ये सेव्ह असेल तर तो गेलाच समजा, आणि पुढं कोणी काय फॉर्म भरले याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. ते सेव्ह केलेले पासवर्ड आज काढा, वहीत लिहा, वही घरी ठेवा. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठीही काढा.

आता कागदांचं. अशा बहुतेक दुकानांत डेस्कटॉप उघडला की तेच दिसतं : ‘काकू आधार’, ‘नवीन नवीन 2’, ‘पासबुक फायनल’. ते तरी डोळ्यांसमोर असतं. डॉक्युमेंट्समधलं ‘स्कॅन्ड डॉक्युमेंट्स’ फोल्डर एकदा उघडा. विंडोजचा स्कॅन प्रोग्राम प्रत्येक कागद तिथं गुपचूप ठेवत असतो, आणि चार-पाच वर्षांचं गाव तिथं सापडतं. डाउनलोड्समध्येही तसंच. फॉर्म भरून पावती हातात दिली की त्या माणसाच्या फाइली पुसायच्या आणि रिसायकल बिनही रिकामं करायचं. पुढच्या वेळी लागतील म्हणून ठेवते, असं तुम्ही म्हणाल. ठेवू नका. पुढच्या वेळी तो पुन्हा कागद घेऊन येईल, दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. जे आपल्याजवळ नाही ते आपल्याकडून चोरीला जात नाही.

अंगठ्यानं पैसे काढताना ओटीपी लागत नाही, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. म्हणून ज्यांना अंगठा रोज लागत नाही, त्यांना आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक, म्हणजे बोटाचा ठसा, लॉक करून द्या. लागलं तर उघडता येतं. खात्यातून पैसे गेल्याचं कोणी सांगत आलं तर त्याच घडीला 1930 ला फोन लावून द्या, बँकेत जाणं त्यानंतर.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला असतील आणि मधे शेअर केलेलं फोल्डर असेल तर ते शेअरिंग बंद करा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच फाइल शेअरिंगमधल्या फटीतून. कुणी काही क्लिक करायचीही गरज पडली नाही. तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी लावली नव्हती ते अडकले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपलेला होता, त्याला तर हल्ला झाल्यावर खास दुरुस्ती काढावी लागली. तुमच्या सातच्या मशीनसाठी दरवेळी कोणी असं धावून येईल हे धरून चालता येत नाही.

त्या सातवाल्याला मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकीन, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं रूप. मशीन 64 बिटचं पाहिजे आणि 4 जीबी रॅम असली तर आरामात चालतं. आवृत्ती 22 ला 2029 पर्यंत दुरुस्त्या आहेत, फुकट. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो. दोन अडचणी सांगून ठेवते. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्राम, लिनक्सवर चालेलच असं धरू नका, ते काम दहावरच राहू द्या. आणि प्रिंटर कॅननचा 2900 असेल, जो आपल्याकडं दुकानादुकानांत आहे, तर लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं म्हणजे डोकेदुखी. तो दहाला जोडा. एचपीचे बरेच प्रिंटर मात्र सरळ चालतात.

मग कामं वाटून घ्या. निकाल पाहणं, जाहिराती, ग्राहकाचं व्हॉट्सअ‍ॅप वेब, पोरांचे पेनड्राइव्ह, हे सगळं मिंटवर. फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा तो व्हायरस तिथं चालतच नाही. ग्राहक उठायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपमधून लॉगआउट करून घ्या. दहावर फक्त पोर्टल आणि अंगठा, परका पेनड्राइव्ह तिथं लावायचाच नाही.

प्रश्न : घाटंजी तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. विंडोज 7 वर जुनी टॅली आहे, सगळ्या उधाऱ्या त्यातच. त्या मशीनला नेट कधी लावलंच नाही. मग मला तर धोका नाही ना?

उत्तर : भाऊ, नेट लावलं नाही हे फार चांगलं केलं, तसंच राहू द्या. तुमच्याकडं धोका येईल तो पेनड्राइव्हमधून. जीएसटीसाठी हिशेब तुम्ही त्यातच घालून देत असाल, आणि तोच पेनड्राइव्ह दहा मशीनांत फिरून परत येत असेल. त्या कामाला एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, आणि बाहेरून आला की दुसऱ्या मशीनवर फॉरमॅट केल्याशिवाय सातला लावू नका.

तुमच्या बाबतीत मला व्हायरसपेक्षा हार्ड डिस्कची भीती जास्त वाटते. एवढ्या जुन्या मशीनची डिस्क मे महिन्याच्या उन्हात कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि उधारीचं दुसरं टिपण नसेल तर वसुली कशाच्या आधारावर करणार? बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, घेतला की डिस्क काढून घरी न्या. तोच बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर होतो का आणि खाती बरोबर दिसतात का, हे बियाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी पाहून घ्या.