मुलांना एकटं शहरात सोडायचं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, आम्ही उपनगरात राहतो, इथून शहर ट्रेनने पाऊण तासावर. तिला आणि तिच्या तीन मैत्रिणींना सुट्टीच्या दिवशी शहरात जायचंय, म्युझियम बघायचं, मग नुसतं भटकायचं आणि संध्याकाळी परत. मोठं कुणी सोबत नको म्हणतात. मी अर्धी तयार आहे, नवरा अजिबात नाही म्हणतो, सासूबाई म्हणतात काळ बदललाय. लोकेशन शेअरिंग चालू ठेवून सोडलं तर चालेल का, की अजून दोन वर्षं थांबू? – एक घाबरट आई

उत्तर : सोडा हो. पण लगेच पुढच्या सुट्टीला नको, आधी एक रंगीत तालीम करून घ्या. म्हणजे तुम्ही तिच्यासोबत जायचं पण पुढे ती चालणार आणि तुम्ही दहा पावलं मागे, तोंडाला कुलूप. तिकीट ती काढणार, प्लॅटफॉर्म ती शोधणार, कुठल्या एक्झिटने बाहेर पडायचं तेपण तीच ठरवणार, आणि चुकीच्या ट्रेनमध्ये चढायला लागली तर चढू द्यायचं, तुम्हीपण मुकाट चढायचं. हे भयंकर अवघड जातं, "अगं इकडे" तोंडातून निघतंच, पण ती स्वतःच्या चुकीने दोन स्टेशनं भलतीकडे जाऊन स्वतःच परत आली ना की तुमची निम्मी काळजी तिथेच मिटते.

दोन वर्षं थांबून काय होणार? ती १६ ची होईल आणि तेव्हाही पहिल्यांदाच जात असेल. वयाचा ठाम आकडा कुणीच देत नाही. अमेरिकेत युटा राज्याने २०१८ मध्ये मुलांना एकटं फिरू देणाऱ्या पालकांना संरक्षण देणारा कायदा केला, त्यातसुद्धा आकडा नाहीये, पुरेसं वय आणि समज असलेलं मूल एवढंच म्हटलंय. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो ते एकदा बघून घ्या, बाकी समज आहे की नाही ते घरातल्यांनाच कळतं.

सासूबाईंचं म्हणणं खरंच आहे, काळ बदललाय. मेयर हिलमन नावाचे ब्रिटिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये पाहणी केली होती, १९७१ मध्ये ७-८ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जायची आणि १९९० मध्ये हा आकडा ९ टक्क्यांवर आला होता! आता गंमत बघा, पालकांनी सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण कुणी अनोळखी माणूस नव्हतं, ट्रॅफिक होतं. म्हणून मी पहिला नियम रस्त्याचा सांगेन. रस्ता ओलांडताना इअरफोन काढायचे आणि मोबाइल खिशात. शहरातला चौक उपनगरातल्या रस्त्यासारखा नसतो, गाड्या चार बाजूंनी वळतात, आणि पोरी मॅप बघत बघतच खाली उतरतात.

दुसरं, चौघीजणी आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. वाईट माणसापासून घोळका वाचवतो, मान्य, पण घोळक्यात असलं की पोरींना भलताच चेव चढतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा २००५ चा प्रयोग आहे, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम होता, त्यात मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकट्याने खेळताना घेतात त्यापेक्षा बरेच जास्त धोके घेत होती, मोठ्या माणसांमध्ये हा फरक दिसला नाही. म्हणजे "चल ना, काय होतंय" हे वाक्य सगळ्यात डेंजर. त्यासाठी घरात एक कोडवर्ड ठरवा. तिने तुम्हाला मेसेजमध्ये साधासा शब्द टाकला की तुम्ही फोन करून जरा चढ्या आवाजात आत्ताच्या आत्ता घरी ये म्हणायचं, मैत्रिणींसमोर व्हिलन तुम्ही, ती सुटली. का, कशाला, हे त्या दिवशी विचारायचं नाही.

आता ट्रेनचं, कारण खरा घोळ तिथेच होतो. दोघी उतरल्या, दरवाजा बंद झाला, दोघी आत राहिल्या, की चौघी एकमेकींना फोन लावतात आणि चारही फोन बिझी! नियम एकच ठेवा, उतरलेल्यांनी त्याच प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं आणि आत राहिलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. धावती गाडी पकडायची नाही, दाराशी लटकायचं नाही. भेटायची जागाही नीट ठरवा, "स्टेशनबाहेर" ही जागा नव्हे, मोठ्या स्टेशनला सात-आठ एक्झिट असतात. अमुक नंबरच्या एक्झिटचं घड्याळ, असं सांगायचं. आणि परतीसाठी शेवटची ट्रेन धरायचीच नाही, तिच्या आधीच्या दोन सोडून तिसरी धरा, म्हणजे चुकली तरी कुणी रडकुंडीला येत नाही.

लोकेशन शेअरिंग चालू ठेवा, पण त्यावर संसार टाकू नका. ट्रेन बोगद्यात गेली की तो ठिपका जागच्या जागी थांबतो आणि घरी तुमचा जीव वर-खाली, तिकडे पोरी हसत बसलेल्या असतात. शिवाय दिवसभर फोटो, व्हिडिओ, मॅप, बॅटरी दुपारीच मान टाकते. पॉवर बँक द्या, आणि एका कागदावर दोन नंबर आणि घरचा पत्ता लिहून द्या, कागद बॅगेत नको कारण बॅग हरवते, खिशात. पैसे दोन ठिकाणी. हल्लीच्या मुलांना आईचा नंबर पाठ नसतो, आजच विचारून बघा.

आणि जे तुम्ही लिहिलं नाहीये पण तुमच्या नवऱ्याच्या डोक्यात आहे ते. गर्दीत कुणी हात लावला, कुणी मागे मागे आलं तर? होऊ शकतं, नाही होणार असं मी म्हणणार नाही. तिला आधीच स्पष्ट शब्दांत सांगा की मोठ्याने ओरडायचं, "हात काढा" असं ऐकू जाईल असं म्हणायचं, लाजायचं नाही, आणि तडक उजेडातल्या दुकानात नाहीतर काउंटरवर बसलेल्या माणसाकडे जायचं, इमर्जन्सी नंबर लावायचा. पण याहून महत्त्वाचं वचन तुम्ही द्यायचंय, घरी येऊन सांगितलंस तर तुझं जाणं बंद होणार नाही. मुली घरी सांगत नाहीत त्याचं मोठं कारण हेच असतं हो, सांगितलं की शिक्षा त्यांनाच होते, बाहेर जाणं बंद. मग पुढच्या वेळी काही झालं तरी ती गप्प बसते आणि तुम्हाला वाटतं सगळं छान चाललंय.

नवऱ्याला एवढं विचारा, याच वयाचा मुलगा असता तर? उत्तर लगेच मागू नका, रंगीत तालमीला त्यांनाच पाठवा.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे. आईबाबा मित्रांसोबत शहरात जाऊ देतात पण दर पंधरा मिनिटांनी फोन करतात, नाही उचलला तर मित्रांना करतात. इज्जतीचा फालुदा होतो. काय करू?

उत्तर : अरे, फोन यायच्या आधी तूच मेसेज टाक ना. पोचलो, जेवलो, ट्रेनमध्ये बसलो, एवढे तीन, ठरलेल्या वेळी, आणि ते चुकवायचे नाहीत. आईबाबांना सांग की मेसेज आला नाही तर वीस मिनिटं थांबायचं आणि मगच फोन करायचा, हा सौदा घरी निघायच्या आधी करायचा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून नाही. प्लॅन बदलला, म्हणजे म्युझियमऐवजी दुसरीकडेच निघालात, तर जायच्या आधी कळव, गेल्यावर नाही. थोडे दिवस हे नीट पाळलंस की फोन आपोआप कमी होतील. आणि उशीर होणार असेल तर खरा उशीर सांग, एक तास लागणार असताना "दहा मिनिटांत आलोच" म्हणालास की पुढचा फोन तुझ्या मित्रालाच जाणार.